उंदराला घरट्यापुरता कागद द्या

मा. केंद्रीय पशुसंवर्धनमंत्री,

सादर नमस्कार.

प्रयोगशाळांतल्या प्राण्यांवर देखरेख ठेवणारी सीसीएसईए ही समिती आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

पुण्यातल्या एका संस्थेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये मी अकरा वर्षं पिंजरे धुतले, खाणं-पाणी केलं, पिल्लं मोजली. पिंजऱ्यात तळाला भाताचं तूस, वर जाळीत खाद्याच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली, एवढंच. पाच-पाच उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाखाली शिरून बसायचे. नवी मुलं म्हणायची, किती प्रेमानं राहतात! पण ते गारठलेले असायचे. खोलीचा एसी २२ अंशांवर, तो आम्हा अ‍ॅप्रनवाल्यांच्या सोयीचा. उंदराच्या अंगाला मानवतात सुमारे ३० अंश. रानातला उंदीर घरटं करून ही तूट भरून काढतो. पिंजऱ्यातल्याला ते करायला काही दिलेलंच नसतं.

एका संध्याकाळी मी टिश्यू पेपर टाकला. सकाळी पाहतो तर बारीक पट्ट्या कुरतडून, वरून झाकलेलं गोल घरटं तयार! शिकवलं कोणी त्यांना? साहेबांनी ते त्याच दिवशी काढायला लावलं. म्हणाले, “प्रयोगात फरक पडेल.”

फरक पडतो, पण कागद न दिल्यानं. २०१३ साली अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी दाखवलं की नेहमीच्या थंड खोलीपेक्षा ३० अंशांच्या उबेत ठेवलेल्या उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी हळू वाढतात. म्हणजे कुडकुडणाऱ्या जिवावर आपण कर्करोगाची औषधं तपासतो. आणि पिंजऱ्यात जास्तीच्या वस्तू दिल्यानं निकाल विस्कळीत होत नाहीत, हे तीन प्रयोगशाळांनी मिळून २००४ मध्येच तपासलं आहे.

उंदीर उचलायची रीतही बदलायला हवी. आम्ही शेपटी धरून उचलायचो, तेच शिकवलं होतं. नळीत शिरू देऊन उचलला तर तो माणसाला कमी घाबरतो, हे लिव्हरपूलला २०१० साली सिद्ध झालं. पुठ्ठ्याची नळी पुरते.

माझं मागणं एवढंच आहे: प्रत्येक पिंजऱ्यात सहा ते दहा ग्रॅम निर्जंतुक केलेला कागद सक्तीचा करा, आणि तपासणीला येणाऱ्यांना नुसत्या नोंदवह्या न पाहता पिंजऱ्याचं झाकण उचलून आत घरटं आहे का, ते बघायला सांगा.

आपला नम्र,
एक निवृत्त अ‍ॅनिमल हाउस कर्मचारी, पुणे