मॅडम, तुमचा तो रद्दी कागद अजून आहे

मॅडम, तुम्हाला मी आठवत पण नसेन. ॲडमिशनच्या वेळी आण्णांबरोबर स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी रडवेली होऊन उभी होते ती शिरोळकडची मुलगी. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं बघा.

२०२४ ला मुलींची इंजिनिअरिंगची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं माफ केली, उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, आमचं कुठलं आलंय तेवढं. पण त्यानं आमच्या घरात उलटंच झालं. अर्धी फी मी भरतो म्हणून वर्षभर गावभर सांगत फिरणारे चुलते म्हणाले, आता सरकार भरतंय की, मग माझं काय काम? आण्णांना पण तेच पटलं आणि उसाचं बिल आलं ते सगळं बोअरला गेलं. पोरगी फुकटात शिकणार म्हटल्यावर मेस, कॉटचं भाडं, लॅपटॉप हे कुणाच्या डोक्यातच नाही, खरं सांगायचं तर माझ्या पण नव्हतं. त्यात तुमच्या शेजारच्या खिडकीतल्या साहेबांनी तीनदा परत पाठवलं, एकदा डोमिसाईल, एकदा उत्पन्नाचा दाखला, तिसऱ्यांदा नुसतंच 'उद्या या', ते पण मान वर न करता.

तुम्ही फॉर्म मार्गी लावलात ते आहेच. पण तुम्ही उठून बाहेर आलात, आण्णांना तुमच्या खुर्चीत बसवलंत, चहा सांगितलात आणि एका बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं माझा महिन्याचा खर्च मांडून दाखवलात. "दादा, फी सोडून हे एवढं लागतंय, हे घरातनंच यायला पाहिजे." एवढंच. ना लेक्चर, ना उपकाराची भाषा. आमच्या आण्णांना कुठल्या ऑफिसात कुणी बस म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

शाहू महाराजांनी १९०१ ला कोल्हापुरात मराठा बोर्डिंग म्हणजे पोरांचं वसतिगृह काढलं ते याचसाठी असणार, खेड्यातल्या पोराला शाळेबरोबर राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण पण लागतं. महाराजांचा पुतळा आहे त्या दसरा चौकातनं जाताना आता दरवेळी तुमची आठवण येते.

डेअरीकडनं दुधाचं दहा दिवसाचं बिल मिळतं ते आता माझ्या मेसला येतंय. तो कागद आण्णांच्या खिशात असायचा, मध्ये आईनं शर्टाबरोबर धुतला तर केवढे चिडले! मग मोबाईलच्या गॅलरीत फोटो होता तो बघून माझ्याकडनं परत तसाच्या तसा लिहून घेतला, खाली तुमची सही होती तेवढी जागा मोकळी ठेवलीय.