मंजूनं विचारलेली झाडं

प्रिय दिनू,

तुझा मेसेज मिळाला. एप्रिलमध्ये मुलाकडे अमेरिकेत येतोयस आणि युटा राज्यातली पाचही नॅशनल पार्क चार दिवसांत बघायचीत, तर मार्ग आखून दे म्हणतोस. फोनवर बोललो असतो, पण मला सांगायचंय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

आम्ही दोघं गेल्या आठवड्यात त्या पाचांपैकी एकाच पार्कात तीन दिवस राहून आलो. कॅपिटल रीफ. झायन, ब्राइस आणि आर्चेसच्या मानानं याचं नाव फारसं कुणी घेत नाही. ब्राइसहून आर्चेसला जाताना मधे लागतं, लोक दोन ठिकाणी उतरून फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्हीही पंधरा वर्षांपूर्वी तेच केलं होतं. मुलं मागे बसलेली, आर्चेसला उजेडात पोचायचं होतं. हायवे २४ या पार्काच्या मधूनच जातो. लाल कड्यांच्या तळाशी एकदम गर्द हिरवी झाडं लागली तेव्हा मंजू म्हणाली, "अहो, ही झाडं कसली, इथे वाळवंटात?" मी गाडी थांबवली नाही. ती पुढे काही बोलली नाही, पण ते माझ्या मनात राहून गेलं होतं.

या वेळी तिच्या गुडघ्यामुळे मोठ्या चढाचं काही जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं, एकच जागा, आणि तिथे तिला वाटेल तितका वेळ.

आधी ही जागा आहे काय ते सांगतो. पायरीवर जाड सतरंजी टाकली की ती वरच्या पायरीवर सपाट राहते, कडेवरून खाली ओघळते आणि खालच्या पायरीवर पुन्हा सपाट होते ना, तसं इथे खडकाच्या थरांचं झालंय. पाच ते सात कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातला जुना भेग पडलेला खडक सरकला आणि वरचे थर त्यावरून दुमडले. पश्चिमेकडचे थर पूर्वेकडच्यापेक्षा दोन हजार मीटरहून जास्त वर उचलले गेले. ही वळी जवळजवळ १६० किलोमीटर लांब आहे. तिला वॉटरपॉकेट फोल्ड म्हणतात, कारण तिच्या कातळात जागोजाग खळगे आहेत आणि पावसाचं पाणी त्यांत साठून राहतं. वर नावाहो वालुकाश्माचे पांढरे घुमट आहेत. वॉशिंग्टनच्या कॅपिटल या संसदेच्या इमारतीसारखे दिसतात म्हणून 'कॅपिटल', आणि समुद्रातला खडक जहाजाला आडवा येतो तशी ही भिंत प्रवाशांना आडवी यायची म्हणून 'रीफ'.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलो आणि सरळ त्या झाडांपाशी गेलो. दिनू, ती फळझाडं आहेत! सफरचंद, पेअर, पीच, जर्दाळू, चेरी, आलुबुखार. १८८०च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे येऊन राहिली. फ्रीमाँट नदी इथे वळते, तिच्या काठाला थोडी सपाट माती आहे, तेवढ्यावर त्यांनी बागा लावल्या. गावाचं नाव फ्रूटा. एका वेळी दहापेक्षा जास्त कुटुंबं तिथे कधीच नव्हती. १८९६ साली त्यांनी बांधलेली एका खोलीची लाकडी शाळा अजून उभी आहे, काचेतून आत बघितलं की बाकं दिसतात. शेवटचं कुटुंब १९६९मध्ये गेलं. दोन वर्षांनी, १९७१मध्ये, नॅशनल पार्क झालं. माणसं गेली, पण झाडं पार्कानं सांभाळली. आजही जवळपास दोन हजार झाडं आहेत आणि त्यांना नदीतून काढलेल्या पाटांचंच पाणी मिळतं. उन्हात तापलेल्या लाल कड्याखाली पाटाचं पाणी झाडांच्या आळ्यांतून फिरताना बघितलं तेव्हा मला काय वाटलं ते तुलाच कळेल, आपण दोघांनी आजोळी पाटावर किती दुपारी काढल्यात.

फळं तोडायला खुली असलेल्या बागेवर पाटी असते. बागेत बसून खाल तेवढं फुकट. घेऊन जायचं असेल तर स्वतः वजन करायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. तिथे लांब काठ्या ठेवलेल्या असतात, थेट आपल्या आंब्याच्या झेल्यासारख्या. मंजूनं एक काठी उचलली आणि मी काही म्हणायच्या आत एका उंच फांदीखाली उभी राहिली. सफरचंद लहानसंच होतं, एका गालावर लाल, दुसरा पिवळट हिरवा, देठाशी खरखरीत करडा डाग. तिनं ते पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं, एक घास घेतला आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. आंबट-गोड, कडक, आणि उन्हानं जरासं कोमट. बाजारातल्या सफरचंदाला तो वास नसतो. तासभर आम्ही त्या झाडाखाली होतो. समोरच्या कुरणात हरणं चरत होती, माणसांची त्यांना काही भीती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅपिटल गॉर्ज नावाच्या घळीत जायचं होतं. पण सकाळपासून पश्चिमेला ढग जमले होते आणि माहिती केंद्रातल्या रेंजर बाईंनी सांगितलं की आज घळीत शिरू नका. इथे वर्षाला जेमतेम वीस सेंटीमीटर पाऊस पडतो, पण उघड्या कातळावर पाणी मुरत नाही. मैलोन् मैल लांब पडलेला पाऊस बघता बघता चिंचोळ्या घळीत लोंढा होऊन येतो, आणि तेव्हा डोक्यावर ऊनही असू शकतं. तू आलास तर हे मनावर घे. अंदाज वाईट असेल तर घळीचं नावही काढू नकोस. चार दिवसांत पाच पार्क करणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही, त्याच्याकडे दुसरा दिवसच नसतो.

मग तो दिवस आम्ही कातळशिल्पांपाशी घालवला. हायवेलगतच लाकडी फळ्यांची वाट केलीय, गुडघ्याला काहीच त्रास नाही. मॉर्मन लोकांच्या कितीतरी आधी, साधारण इसवी सन ३०० ते १३००पर्यंत, फ्रीमाँट संस्कृतीचे लोक या खोऱ्यात मका, घेवडा पिकवून राहत होते. त्यांनी कड्यावर दगडानं टोचे मारून माणसं कोरलीत. खांदे रुंद, कंबर निमुळती, डोक्यावर शिंगांसारखं किंवा पिसांसारखं काहीतरी. बाजूला वळणदार शिंगांचे रानमेंढे. आधी आम्हाला मोजकीच दिसली. दुर्बिणीतून एकेक टोचा दिसायला लागला. मग ढग सरला, ऊन तिरपं आलं आणि मघाशी कोरी वाटलेल्या भिंतीवर आणखी आकृत्या उठून दिसल्या. मंजू मोजत होती, मधेच मोजणं सोडून नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं. सीनिक ड्राइव्ह हा तेरा किलोमीटरचा रस्ता कड्यांच्या पायथ्यानं जातो. तळाला तपकिरी लाल थर, त्यावर राखाडी-हिरवा, त्यावर विंगेट वालुकाश्माची उभी लाल भिंत. भिंतीवर काळे ओघळ आहेत, ते लोह आणि मँगनीजचे. रस्ता संपल्यावर कच्च्या वाटेनं गाडी कॅपिटल गॉर्जच्या घळीत शिरते आणि पुढे पायी. वाट सपाट, वाळूची. १८८४पासून १९६२मध्ये हायवे होईपर्यंत हाच इथला हमरस्ता होता, आधी घोडागाड्या आणि मग मोटारीही याच वाळूतून जायच्या, प्रत्येक लोंढ्यानंतर दगड बाजूला काढून. जाणाऱ्यांनी भिंतीवर नावं कोरलीत, त्यांतली सर्वांत जुनी १८७१ची, म्हणजे हमरस्ता होण्याच्याही आधीची.

पुढे पाण्याच्या खळग्यांकडे जायला छोटा पण उभा चढ आहे. मंजू म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." मी वर गेलो. खळग्यात हिरवट पाणी होतं, आणि त्यात बोटाच्या पेराहून बारीक, काचेसारखे आरपार दिसणारे जीव उलटे पोहत होते. खाली येऊन उत्साहानं तिला सांगायला लागलो, तर तिनं ओठावर बोट ठेवलं. एक पक्षी गात होता. कॅन्यन रेन. त्याचा सूर वरून सुरू होतो आणि पायऱ्या उतरत यावं तसा खाली उतरत जातो, मग घळीच्या दोन भिंती तो परत म्हणतात. तो थांबल्यावर ती म्हणाली, "चौथ्यांदा गायला. तुम्ही वर होता तेव्हा ऊन त्या भेगेपर्यंत होतं, बघा कुठवर उतरलंय." आम्ही आणखी अर्धा तास तिथेच बसलो.

त्या रात्री बागेशेजारच्या कुरणाजवळ उभे राहिलो. सर्वपित्री अमावस्येच्या आसपासचे दिवस, चंद्र नाही, आणि २०१५पासून या पार्काला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा, म्हणून मान्यता आहे. अभिजित आणि श्रवण डोक्यावर होते आणि मधून आकाशगंगा एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत. पाटाचा आवाज तेवढा येत होता. पंधरा वर्षांपूर्वी गाडी थांबवली नाही याबद्दल मी तेव्हा तिची माफी मागितली. तिला आठवतही नव्हतं. पण माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तर मार्ग असा. सॉल्ट लेक सिटीला उतर, गाडीनं साडेतीन-चार तास. पार्काच्या पश्चिमेला टोरी नावाचं छोटं गाव आहे, तिथे तीन रात्री राहा. पेट्रोल तिथेच भरून घे, पार्कात मिळत नाही, आणि फोनला रेंजही जेमतेम. फ्रूटातल्या जुन्या गिफर्ड घरात सकाळी ताजे 'फ्रूट पाय' (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतात, ते संपायच्या आत जा. गूजनेक्स म्हणून उंचावरून खालच्या ओढ्याची वळणं बघायची जागा आहे, तिथे जरूर थांब, गाडीपासून थोड्याच अंतरावर आहे, सुमनवहिनींना काहीच त्रास होणार नाही. आणखी एक पार्क करायचं असेल तर आर्चेस कर. बाकीची तीन राहू देत.

एप्रिलमध्ये बागा फुललेल्या असतात. मंजूला त्या फुललेल्या बघायच्यात, त्यामुळे तू तारखा पक्क्या केल्यास की आम्ही दोघंही तिकडे येतो. तारखा लवकर कळव, टोरीत खोल्या थोड्या आहेत.

तुझा,
सुधीर