केमिस्ट्री आधी लावायला सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

यूसी डेव्हिसला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला, माझं पहिलं क्वार्टर (साधारण तीन महिन्यांचं सत्र) संपलं. बायोकेमिस्ट्री शिकतेय आणि मागचा एकही विषय राहिलेला नाही, याचं श्रेय तुमचं. सगळ्यांदेखत आभार मानलेले तुम्हाला आवडणार नाहीत, माहीत आहे. पण बारावी करून कॅलिफोर्नियात येणाऱ्या आपल्या मुलामुलींपर्यंत तुमचं सांगणं पोचायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

बाबांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून क्युपर्टिनोला आलो, तेव्हा डी आन्झा कॉलेजात प्रवेश सहज मिळाला. ते कम्युनिटी कॉलेज; पहिली दोन वर्षं तिथे करून पुढे विद्यापीठात जायचं. तिथे ना कटऑफ, ना मेरिट लिस्ट. अडचण त्यानंतरची. आपल्याकडे बीएस्सीला नाव घातलं की बहुतेक वेळापत्रक कॉलेजच हातात देतं. इथे काय घ्यायचं आणि कधी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. भेटेल तो सांगत होता, पहिल्या वर्षी इंग्रजी, इतिहास असले विषय उरकून घे, सायन्सचं नंतर बघू.

तुम्ही मात्र मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेतच विचारलंत, "ऑरगॅनिक कधी संपवणार?" माझी जनरल केमिस्ट्रीसुद्धा अजून लागायची होती.

दोन दिवसांनी लायब्ररीत तुम्ही कागद आडवा धरलात आणि उजव्या टोकापासून लिहायला लागलात. दुसऱ्या वर्षाचं शेवटचं क्वार्टर, स्प्रिंग: केमिस्ट्री १२-सी, म्हणजे ऑरगॅनिकचा शेवटचा भाग. त्याआधी १२-बी, त्याआधी १२-ए. मग जनरल केमिस्ट्रीचे १-सी, १-बी आणि डाव्या टोकाला १-ए. दोन वर्षांची सहा क्वार्टर आणि एकापुढे एक सहा विषय. पहिल्याच क्वार्टरला, फॉलला, १-ए लागली नाही तर पुढचं सगळं सरकतं, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. शिवाय १-ए ला थेट बसायचं तर प्लेसमेंट परीक्षा. नाहीतर आधी पायाचा विषय, म्हणजे एक क्वार्टर गेलंच. "बारावीचं डोक्यात ताजं आहे तोवर देऊन टाक," म्हणालात. मी त्याच आठवड्यात दिली.

मग त्या ओळीखाली कॅल्क्युलस, बायोलॉजीच्या ६-ए, बी, सी आणि दुसऱ्या वर्षात फिजिक्स बसवलंत. लॅबचे दोन विषय एका वेळी झेपतात, तीन घेऊ नकोस, हेही बजावलंत. सामान्य विषय जिथे जागा उरली तिथे गेले. सायन्सवाल्यांसाठी हाच क्रम बरोबर आहे, असं मी आता विचारेल त्याला ठामपणे सांगते.

'असिस्ट' या वेबसाइटवर कॉलेजचा कुठला विषय विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतात, ते ओळीओळीनं वाचायला तुम्हीच शिकवलंत. मैत्रीण म्हणत होती, ऑरगॅनिकचा एक भाग वेस्ट व्हॅली या दुसऱ्या कॉलेजला करू. तुम्ही लगेच थांबवलंत. तिथे सेमिस्टर, डी आन्झाला क्वार्टर; अर्धं इथे अर्धं तिथे केलं तर तुकडे जुळत नाहीत. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची.

टॅगचंही (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) तसंच. ठरावीक विषय आणि ग्रेड असतील तर प्रवेशाची हमी देणारे यूसीचे सहाच कॅम्पस. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत. हमी एकाच ठिकाणी मागता येते आणि तो अर्ज सप्टेंबरात, मुख्य अर्जाच्या आधी. सप्टेंबर लागताच तुमचा मेसेज आला होता, "भरलास का?"

दुसऱ्या वर्षी १२-बी ला मी वेटलिस्टवर अडकले, तेव्हा रात्री उशिरा तुम्हाला फोन केला. तुम्ही धीर देत बसला नाहीत. "पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. न येणाऱ्यांच्या जागा तिथेच सुटतात," एवढंच सांगितलंत. मी गेले, आणि जागा मिळाली.

नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, हे सगळं सांभाळून तुम्ही दर क्वार्टरला माझ्यासाठी वेळ काढलात. कधी एका कॉफीचे पैसेही देऊ दिले नाहीत. माझ्या आईबाबांना इथलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मनावरचं केवढं ओझं तुम्ही उतरवलंत, ते आई अजून बोलते.

एप्रिलमध्ये डेव्हिसला पिकनिक डे असतो, सगळा कॅम्पस पाहुण्यांसाठी खुला असतो. काकांना घेऊन नक्की या. जेवण माझ्याकडे.

तुमची,
डेव्हिसची विद्यार्थिनी