लिथियम बॅटरी विकलीत, कंट्रोलरची सेटिंग कोण करणार? (तक्रार, तिसऱ्यांदा)

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख,

नमस्कार साहेब,

हा माझा तिसरा मेल आहे. पहिल्या मेलला उत्तर आलं "आपली तक्रार नोंदवली आहे", दुसऱ्याला तेही आलं नाही, म्हणून यावेळी सगळं पहिल्यापासून लिहितोय, वाचायला पाच मिनिटं जास्त लागतील पण निदान परत फोन करून "सर गाडी कुठली आहे" असं विचारू नका.

आमचं दापोलीजवळ छोटं रिसॉर्ट आहे, आम्ही घरचीच माणसं चालवतो. पार्किंग वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, आणि खोल्या खाली समुद्राच्या बाजूला, मधे चारेकशे मीटरची जांभा दगडाची वाट, आणि ती वाट म्हणजे नुसता चढ. म्हातारी माणसं आणि बॅगा वरखाली करायला सहा सीटच्या दोन बॅटरीवाल्या बग्ग्या आहेत, ज्याला तुम्ही गोल्फ कार्ट म्हणता. आमच्याकडे गोल्फ कुणी खेळत नाही. दोन्ही गाड्या ४८ व्होल्टच्या, त्यात ८ व्होल्टच्या सहा-सहा ॲसिडच्या बॅटऱ्या होत्या, एकेक २९ किलोची धोंड. दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरची हिरवी बुरशी खरवडा, एवढं करूनही एका गाडीचा सेट अडीच वर्षात बसला. मग डिसेंबरात तुमच्याकडून त्या एका गाडीला ५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली, एक लाख पस्तीस हजार रुपये रोख मोजून. आणि दुसऱ्या गाडीसाठी पंचवीस हजार ॲडव्हान्स पण देऊन बसलो, तो अजून तुमच्याकडेच आहे, त्यावर शेवटी येतो.

विकताना तुमच्या सेल्सच्या माणसाने काय सांगितलं ते शब्दशः लिहितो, व्हॉट्सॲपवर आहे माझ्याकडे. "सर ड्रॉप-इन आहे, जुनी काढायची नवी ठेवायची, गाडीत काहीच बदलायला लागत नाही." हे काहीच बदलायला लागत नाही हेच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

सुरुवातीचे दिवस मस्त गेले, ते पण लिहितो, उगीच शिव्याच घालायच्या म्हणून मेल नाहीये. सव्वाशे किलो वजन कमी झाल्यामुळे गाडी चढावर अशी पळायची की ड्रायव्हर खूष, पाण्याची कटकट गेली, चार्जिंग निम्म्या वेळात. जुना चार्जर मात्र चालेना, कारण तो ॲसिडवाला, शेवटी शेवटी ६० व्होल्टच्या वर नेतो आणि तुमची बॅटरी ५८.४ ला फुल, म्हणजे आतला बीएमएस, बॅटरीची राखण करणारं सर्किट, चिडून बंद पडणार. त्यासाठी वेगळा चार्जर तुम्हीच विकलात, हे पण आधी सांगितलं नव्हतं, पण जाऊ दे.

खरा प्रकार एप्रिलच्या शेवटी झाला, गर्दीचे दिवस, सकाळपासून फेऱ्या चालू. संध्याकाळी गाडी चढाच्या ऐन मध्यावर आली आणि मेली. हळू झाली नाही, दमली नाही, थेट लाईट, हॉर्न, डॅशबोर्ड सगळं गुल. आणि मेली त्याच्या एक सेकंद आधीपर्यंत मीटरवर दहाच्या दहा काड्या! गाडीत पाच माणसं, त्यात एक आजी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लागला म्हणून गाडी मागे आली नाही हे नशीब, पण त्याच ब्रेकमुळे ढकलताही येईना. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं, आणि मग सगळ्यात जवळच्या खोलीतनं एक्स्टेन्शन बोर्डाला बोर्ड जोडत वायर ओढली, वरनं चार्जर आणला आणि भर वाटेत अंधारात गाडी चार्जिंगला लावली. गेस्ट लोक फोटो काढत होते.

तुमच्या हेल्पलाईनला फोन केला तर बाई म्हणाल्या "सर बॅटरी संपली असेल". अहो संपली असेल हे मला पण कळतं, मग मीटर फुल का दाखवत होता? त्याला उत्तर "मीटर आमचा नाही".

मग मी स्वतः मल्टिमीटर घेऊन बसलो. दोन दिवस ड्रायव्हरला सांगितलं, ठरावीक फेऱ्या झाल्या की गाडी दहा मिनिटं उभी ठेवायची, मी व्होल्टेज वहीत लिहिणार. चार्जिंग काढून दोन तासांनी ५३.६. बारा फेऱ्यांनंतर ५२.८. चोवीस फेऱ्यांनंतर ५२.३. बत्तीस फेऱ्यांनंतर ५१.५. छत्तिसाव्या फेरीला खलास. आता तुम्हीच बघा, बॅटरी जवळजवळ संपत आलीये तरी व्होल्टेज ५१ च्या वर. आणि माझी दुसरी गाडी, ॲसिडची, रात्रभर चार्ज होऊन आराम केलेली, फुल असताना किती दाखवते? ५०.९. म्हणजे तुमची उपाशी बॅटरी आमच्या भरल्या पोटाच्या बॅटरीपेक्षा जास्त व्होल्ट दाखवते! मीटर बिचारा ॲसिडच्या हिशोबाने लावलेला, तो व्होल्ट बघूनच काड्या ठरवतो, तो फुलच म्हणणार ना. हे तुम्हाला बॅटरी बनवणाऱ्यांना माहीत नाही असं मी धरूच शकत नाही. शंट, म्हणजे करंट मोजायची पट्टी, लावून आत किती करंट गेला बाहेर किती आला ते मोजणारा मीटर द्यायला पाहिजे होता, किंवा विकतानाच सांगायचं की जुन्या मीटरकडे बघू नका.

बरं, मीटरचं सोडा. ॲसिडची बॅटरी संपत आली की व्होल्टेज पडतं, कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, ते बघून पॉवर कमी करतो, गाडी दमते, ड्रायव्हरला कळतं की आता शेडमध्ये न्या. आमच्या कंट्रोलरमध्ये ही लो व्होल्टेजची सेटिंग ४२ आहे, म्हणजे ॲसिडच्या सेटमधल्या २४ सेलना (बॅटरीच्या आतले छोटे कप्पे) १.७५ व्होल्टने गुणून येतो तो आकडा. तुमच्या बॅटरीत सेल १६, लोड असताना ४८ च्या खाली गेली की तीन व्होल्टच्या खाली सेल, म्हणजे पुढे कडाच आहे. ४२ येईपर्यंत एखादा कमजोर सेल अडीच व्होल्टला टेकतो आणि बीएमएस सगळंच तोडतो. तुमच्याच ॲपमध्ये दिसलं, ११ नंबरचा सेल २.४८ आणि बाकीचे अजून २.९ च्या आसपास. कंट्रोलरला सावध व्हायची संधीच मिळत नाही. हे सगळं मला माझ्या भाच्याने समजावलं, तो पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलला आहे, दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या वर्षाच्या पोराला जे कळतं ते तुमच्या सर्व्हिसला कळू नये?

आता दुसरा प्रकार, आणि हा मी गंभीरपणे लिहितोय.

मे महिन्यात सकाळी साडेनऊची गोष्ट. गाडी शेडमध्ये रात्रभर चार्जिंगला, नुकतीच काढलेली, ॲपवर १०० टक्के. पहिलीच फेरी, म्हणजे वरनं खाली, मुंबईचं एक कुटुंब, वाटेत घेतलेली हापूसची पेटी मागच्या सीटवर. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मोटर स्वतःच गाडी रोखते आणि ती वीज परत बॅटरीत भरते, रीजेन म्हणतात ते. पण बॅटरी आधीच गळ्यापर्यंत भरलेली, ती वीज जाणार कुठे? कंट्रोलरची वरची मर्यादा अजून ॲसिडवाली, ६० च्या पुढची, तो ढकलतोय आपला, आणि इकडे बीएमएसने ५८ ला दार लावून घेतलं. पॉवर गेली, इलेक्ट्रिक ब्रेक खाडकन लागला, गाडी जागच्या जागी. मागची चाकं जांभ्यावर घासल्याचा पट्टा अजून आहे, फोटो जोडलाय. पेटी पुढे येऊन फुटली आणि आंबे गडगडत पार खालच्या वळणापर्यंत गेले. चार वर्षांच्या मुलाचं डोकं पुढच्या सीटच्या पाईपवर आपटलं, कपाळावर टेंगूळ. डॉक्टरकडे नेऊन आणलं, सुदैवाने जास्त काही नाही. त्यांचं एका रात्रीचं भाडं मी घेतलं नाही, पेटी भरून दिली, पण त्या आईने माझ्याकडे जसं बघितलं ते मला तुमच्या एमडींना दाखवायचंय.

हे झाल्यावर मी फोनवर आवाज चढवला, ते कबूल करतो. तेव्हा कुठे दहा दिवसांनी तुमच्या सर्व्हिसचा मुलगा आला लॅपटॉप घेऊन. मुलगा चांगला होता हो, जेवून गेला, पण त्याला कंट्रोलर माहीतच नव्हता. केबल लावली, तुमच्या ऑफिसला फोन लावला, पलीकडनं कुणीतरी सांगितलं "अंडरव्होल्टेज ५० टाक", म्हणजे ती ४२ वाली लो व्होल्टेजची सेटिंग, त्याने टाकलं, म्हणाला आता सर बॅटरी कधीच बंद पडणार नाही. खरंच पडत नाही! कारण आता गाडी चालतच नाही. सपाटीवर ठीक, पण सहा माणसं घेऊन चढाला लागलं की करंट वाढतो, व्होल्टेज क्षणभर ४९ वर येतं, बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी कंट्रोलरला वाटतं संपली, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. चालत जाणारे गेस्ट आमच्या पुढे जातात आणि वरनं टाटा करतात. उभ्या गाडीचं व्होल्टेज वेगळं आणि चढावर लोड घेतलेल्या गाडीचं वेगळं, एवढा साधा विचार करून आकडा टाकायला नको का? त्याने जुन्या सेटिंगची फाईल सेव्ह पण केली नाही, मी विचारलं तर म्हणाला "सर त्याची गरज नसते". रीजेनला तर हातच लावला नाही. आणि जाताना अडीच हजार व्हिजिट चार्ज, वॉरंटीत असताना.

मी स्वतः बदलायला तयार आहे, भाचा करेल. पण त्या मुलाने जाताना कंट्रोलरला पासवर्ड टाकून ठेवला! तो तुम्ही देत नाही, म्हणे पॉलिसी. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना विचारलं, ते म्हणतात लिथियम बसवलीत तेव्हाच आमची जबाबदारी संपली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत. गाडी माझी, कंट्रोलर माझा, आणि कुलूप तुमचं.

आता मला काय हवंय ते.

एक तर जाणकार माणूस पाठवा, ज्याने असं ॲसिडवरनं लिथियमचं कन्व्हर्जन आधी केलंय, आणि त्याने आमच्या चढावर, सहा माणसं बसवून, लोडवरचं व्होल्टेज बघून आकडे ठरवावेत. भाच्याच्या हिशोबाने पॉवर कमी करायला सुरुवात ४७-४८ च्या दरम्यान आणि पूर्ण बंद ४६ च्या आसपास, म्हणजे बीएमएसच्या बराच आधी, पण तुमच्या सेलची डेटाशीट तुमच्याकडे आहे, तुम्ही लेखी द्या. रीजेनची वरची मर्यादा ५६ वर आणा आणि रीजेनचा करंट बीएमएस चार्जिंगला जेवढा घेतो त्याच्या आत ठेवा. ते होत नसेल तर चार्जर थोडा आधी थांबेल असा करा, आम्हाला शेवटचे पाच टक्के नकोत, पोरांची डोकी शाबूत हवीत. बॅटरीतनं ओढायच्या करंटला पण लगाम लागतो का बघा, बीएमएसच्या स्टिकरवर सलग १०० अँपिअर लिहिलंय आणि चढावर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर १६० दाखवतो. तो ११ नंबरचा सेल तपासा. टक्के दाखवणारा मीटर बसवा, फुकट. पासवर्ड माझ्या हवाली करा, सेटिंगची प्रत कागदावर सही करून द्या, आणि अडीच हजार परत.

हे सगळं पंधरा दिवसात झालं नाही तर दुसऱ्या गाडीची ऑर्डर रद्द समजा आणि ॲडव्हान्सचे पंचवीस हजार खात्यात टाका. आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचा वकील म्हणेल की रिसॉर्ट म्हणजे धंदा, हा ग्राहकच नाही. त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा परत वाचायला सांगा, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूत धरत नाहीत. आमच्याकडे मॅनेजर नाही, मी आणि वहिनी मिळून खोल्यांच्या चादरीपण आम्हीच बदलतो.

वहीतल्या नोंदींचे फोटो, ॲपचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचं ते ड्रॉप-इनवालं बोलणं, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.

माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा, खाली रेंज नसते, लागला नाही तर लँडलाईनवर करा. आणि पाऊस जोरात सुरू व्हायच्या आत पाठवा, नंतर त्या वाटेवर शेवाळ धरतं आणि मग टेस्ट घ्यायला मी माझी माणसं गाडीत बसवणार नाही.

आपला ग्राहक,
दापोली, जि. रत्नागिरी