आधी गाडी तपासा : माननीय नितीन गडकरी यांना खुले पत्र

माननीय श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सादर नमस्कार.

मी मानेवाड्याचा. हिंगणा एमआयडीसीत लेथवर नोकरी करतो आणि संध्याकाळी, रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकली बांधतो. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. घरच्या गॅरेजात बनलेली किंवा बदललेली एकेकटी मोटारसायकल कुणीतरी जाणकाराने तपासावी, ती सुरक्षित असेल तर आरसीवर तशी नोंद करून द्यावी, नसेल तर परत पाठवावी. ही सोय आज देशात नाही. ती आपल्या खात्याने करावी आणि सुरुवात नागपुरातून व्हावी.

कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हेतूशी माझं भांडण नाही. फाटक्या सायलेन्सरच्या गाड्या रात्री अकराला गल्लीतून जातात तेव्हा माझीही आई दचकून उठते. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे. ती मोडणाऱ्याचा सायलेन्सर पोलिसांनी खुशाल रोडरोलरखाली घालावा.

पण सायलेन्सरची आतली जाळी काढून फेकणारा आणि महिनाभर खपून चेसिस बांधणारा, हे दोघं कायद्याला सारखेच दिसतात. माझं दुखणं तिथे आहे.

हे काम काय असतं ते थोडं सांगू द्या. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर परदेशातल्या गाडीचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, पुढचा फोर्क असा लांब, तिरपा पाहिजे. सर्वसाधारण मोटारसायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारी नळ्यांची जोडी, उभ्या रेषेपासून साधारण २४ ते २८ अंश कललेला असतो. हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे मिळते आणि चाक जिथे टेकतं, त्या दोन बिंदूंतल्या अंतराला आम्ही ट्रेल म्हणतो. ते बहुतेक गाड्यांत १०० मिलिमीटरच्या आसपास असतं. नुसता फोर्क तिरपा केला की ट्रेल वाढतो. हमरस्त्यावर गाडी सरळ धावते खरी, पण सीताबर्डीच्या गर्दीत हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू लागतं. ट्रेल कमी झाला तर उलटं, वेगात हँडल थरथरतं. म्हणून कोन बदलायचा तर हँडलच्या टीचा, म्हणजे फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या पट्टीचा, ऑफसेटही (हँडलच्या दांड्यापासून नळ्या किती पुढे आहेत ते अंतर) बदलावा लागतो, चाकांमधलं अंतर पुन्हा मोजावं लागतं. हे गणित मी आधी कागदावर करतो आणि मगच ग्राइंडर हातात घेतो.

मग वेल्डिंग. चेसिसचा पाइप दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा. साध्या आर्कच्या काडीने नवशिक्याने जोडला तर कधी जळून भोक पडतं, कधी वरून वेल्डची रेघ सुंदर दिसते आणि आत पकडच नसते. नीट जोड द्यायचा तर पाइपच्या आत घट्ट बसणारा दांडा घालायचा, बाहेरून भोकं पाडून त्या दांड्यालाही वेल्ड करायचं, मग टिगने, म्हणजे गॅसच्या आवरणात होणाऱ्या बारीक वेल्डिंगने, गोल फेरी मारायची. त्यावर लाल रंगाचा डाय पेनेट्रंट लावून पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. केसाएवढी चीर असली तरी लाल रेघ उमटते. हिंगण्याच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत ही रोजची तपासणी आहे, तिला थोडकाच खर्च येतो. चेसिसच्या जोडासाठी ती सक्तीची करा असं मीच म्हणतोय.

आज मात्र मला रस्त्यावरच्या गाडीचं असं कुठलंच काम घेता येत नाही. मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक घरी जात नाही, दुसऱ्या गल्लीत जातं. तिथे तासाभरात फोर्क कापला जातो, काडीने डागला जातो, वर काळा रंग मारला की झालं. ती गाडी आपण बांधलेल्या रस्त्यांवर धावते. तिला कुणी तपासत नाही, कारण तपासायला नेली तर मालक आधी गुन्हेगार ठरतो. जो नियम पाळतो त्याचं काम बंद, जो पाळत नाही त्याचं चालू, आणि ज्या सुरक्षेसाठी नियम केला ती कुणालाच मिळत नाही.

नियमांत वाट शोधली तर दोन दिसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घेता येतो. पण ही सगळी व्यवस्था हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. एकच गाडी बांधणारा तिथे काय घेऊन जाणार? दुसरी वाट विंटेज गाड्यांची. २०२१ मध्ये आपल्याच मंत्रालयाने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका दिली. फार चांगलं केलंत. पण त्यासाठी गाडी मूळ रूपातच असावी लागते. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलीला ५० वर्षं भरायची आहेत आणि तिची चेसिस बदलली तर ती कधीच विंटेज होणार नाही.

मात्र आपल्याच कायद्याने काही दारं उघडलीही आहेत. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल तर बसवता येतं. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवण्याचीही पद्धत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात बदल करायला परवानगी दिली. हे शेवटचं काम मला जवळचं आहे. आमच्या वस्तीतल्या एका ताईंचा पाय लहानपणी पोलिओने गेला. त्यांच्या स्कूटरला बाजूची चाकं मी बसवली. वाटतं तितकं ते सोपं नाही. दुचाकी वळताना झुकते, बाजूला चाकं लागली की झुकत नाही, म्हणून वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकाच्या आर्मवर येतो. आर्म बारीक असला तर तिथेच वाकतो. मी तो दोनदा बनवला, दुसऱ्यांदा आडवा टेकू देऊन. ताई आता त्याच स्कूटरवर शाळेत शिकवायला जातात. गाडी माणसाप्रमाणे बदलावी लागते हे कायद्याने इथे मान्य केलं आहे.

घरच्या गॅरेजात असंच चालतं. एप्रिल लागला की निम्मी वस्ती कूलर घेऊन येते. कुणाच्या पंख्याचा बुश गेलेला, कुणाचा पंप बसलेला, आणि पारा ४५ कडे निघालेला असताना त्यांना उद्या या म्हणता येत नाही. व्हीलचेअरचं पुढचं चाक, शिलाई मशीनचा मोडका पाय, संत्र्याच्या हातगाडीचा वाकलेला आस, ज्याचा पार्ट बाजारात मिळत नाही ते सगळं शेडमध्ये येतं. आयटीआयची दोन-तीन पोट्टी सुट्टीत माझ्याकडे येतात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आले. ही पोरं स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचतात आणि मला समजावून सांगतात. मी त्यांना फाइल धरायला, कान लावून बेअरिंग ओळखायला शिकवतो. पण चेसिसचं काम शिकवू का, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. जे शिकून उजळ माथ्याने करता येणार नाही ते कोणत्या तोंडाने शिकवावं?

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एक मोटारसायकल सरकारी तपासणी केंद्रावर नेता येते. निरीक्षक ब्रेक, दिवे, आवाज, धारदार कडा सगळं बघतो. पास झाली की नोंदणीचा रस्ता मोकळा. जर्मनीत बदल तपासून गाडीच्या कागदांत लिहून देतात. आपल्याकडे वाहनांच्या फिटनेससाठी स्वयंचलित तपासणी केंद्रं उभारण्याचं धोरण आपणच आणलंत. रोलरवर ब्रेक तपासायचं, धूर मोजायचं, हेडलाइटचा झोत बघायचं यंत्र तिथे असतंच. त्याला वेल्डिंगची परीक्षा, हँडलच्या कोनाचं मोजमाप आणि डेसिबल मीटर जोडलं तर बरंचसं काम होतं. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे मेकॅनिकलचे प्राध्यापक आणि विद्यार्थी नागपुरातच आहेत, तपासणीचे निकष लिहायला त्यांची मदत घेता येईल. सुरुवातीला वर्षाला थोड्याच गाड्या घ्या. त्या विकायला, भाड्याने द्यायला बंदी घाला. वेगळी नंबर प्लेट द्या, दरवर्षी फेरतपासणी ठेवा. विमा कंपन्यांनाही मग कशाचा विमा करतोय ते कागदावर दिसेल. फी आम्ही भरू.

मार्च २०२२ मध्ये आपण हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीने संसदेत गेलात. नवी गाडी आधी चालवून, तपासून बघण्याची आपली ती पद्धत मला आवडते.

माझ्या शेडमध्ये दोन वर्षांपासून मी बांधलेली एक मोटारसायकल उभी आहे. इंजिन जुनं, पूर्ण उघडून बोअर केलेलं. चेसिसचा मागचा भाग माझा. रस्त्यावर एकदाही नेलेली नाही. आपल्या खात्यातला कोणताही अभियंता कधीही येऊन ती तपासू शकतो. रंग काढून जोड उघडे करून ठेवतो, पेनेट्रंटच्या बाटल्या मी आणतो. नापास झाली तर कुठे आणि का, एवढं लेखी द्या, मी ते दुरुस्त करून पुन्हा तपासणीला हजर करीन.

आपला,
मानेवाडा, नागपूर येथील एक गॅरेजवाला