अक्कलकोटहून आई-बाबांना

अक्कलकोट, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

ग्रुपवरच्या त्या क्लिपचा आणि समोरच्या कन्नड मास्तरांशी झालेल्या बोलण्याचा विषय फोनवर काढला की बाबा "बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहायला बसले. आई, तू हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

आधी गुरुवारची गोष्ट सांगते. नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यांची गर्दी. दुपारी एक म्हातारी आली, दुधनीकडच्या खेड्यातली. इरकली लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पासबुक आणि घडी पडलेला फॉर्म. रांगेत तिघांना विचारून झालं होतं, तिघांनीही पुढं ढकललं. माझ्यापुढं फॉर्म ठेवून ती हळूच म्हणाली, "ननग मराठी ओदाक बरंगिल्ला," मला मराठी वाचता येत नाही. मी कन्नडमधून बोलले, तशी काचेच्या फटीतून तिनं माझा हातच धरला. फॉर्म मी भरला. सहीच्या जागी तिनं स्वतःचं नाव लिहिलं, कन्नडमध्ये, गोल गोल अक्षरांत, एकेक अक्षर जपून. रांगेतले तिला अडाणी समजत होते. तिला लिहिता-वाचता येत होतं, फक्त कागद तिच्या लिपीत नव्हता.

आई, मला त्या वेळी तू दिसलीस. एका कचेरीतून कन्नड कागद आला होता, आठवतं? मराठी शाळेत सातवीला पहिली आलेली तू तो कागद उलटसुलट करत उंबऱ्यावर उभी होतीस, "काय लिहूलालेत की ह्यात" म्हणत. मग समोरच्या मास्तरांकडे गेलीस. मास्तरांनी वाचून दाखवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं मराठीत मुदत आणि रक्कम लिहून दिली. तो कागद अजून कपाटात आहे.

बाबा, सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचं नाव काढलं की तुमचा आवाज चढतो. 1967 च्या अहवालानं बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, 264 गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली. आपल्याला तो अन्याय वाटला आणि मलाही तो वाटतो. पण त्याच अहवालात 247 गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस होती आणि त्यात हे अक्कलकोट आहे, हे मला इथं बदली होईपर्यंत नीट उमगलं नव्हतं. आपण बेळगावात जसे आहोत तशी ही कन्नड माणसं इथं आहेत. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम 350-अ सांगतं. 1956 साली, ज्या वर्षी आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो त्याच वर्षी, ते घटनेत आलं. तुम्ही ते तोंडपाठ म्हणून दाखवता. ते कलम बेळगावच्या वडगावातल्या मराठी पोराचं आहे तेवढंच दुधनीतल्या कन्नड पोराचंही आहे. बेळगावात मराठी परिपत्रक मागताना आपला आवाज जेवढा मोठा, तेवढाच इथल्या कन्नड फॉर्मसाठी लागला पाहिजे. नाहीतर आपण न्याय मागत नाही, आपली बाजू तेवढी मागतो. मी शाखेत अर्ज दिला आहे, फॉर्मसोबत कन्नड तर्जुमा ठेवावा म्हणून. उत्तर आलेलं नाही, पण मी मागं लागणार आहे.

मागणी सोडा असं मी म्हणत नाही. 17 जानेवारीला तुम्ही सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फूल वाहायला जाता, तुमच्या खांद्यावर बसून मीही गेले आहे. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालावा, निकाल लागावा. आणि 1996 ची लोकसभा मला सगळ्यात जास्त अभिमानाची वाटते. दिल्लीनं सीमाप्रश्नाकडे बघावं म्हणून बेळगावातून 456 उमेदवार उभे राहिले, त्यांतले एक तुम्ही. अनामत 500 रुपये, ते आईनं डब्यातून काढून दिले. दोन दिवस माग बंद ठेवून तुम्ही अर्ज नीट भरला होता, एक खाडाखोड नाही. पुढं सरकारला अनामत दहा हजार करावी लागली, ती अशाच निवडणुकांमुळे. एवढा मोठा निषेध, आणि त्यात शेजाऱ्याला दुखावणारं काही नव्हतं. लोकशाहीत भांडायचं कसं, हे मी त्यावरून शिकले.

म्हणूनच त्या क्लिपचं मला इतकं लागलं.

1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, तुम्ही निषेधाचा काळा शर्ट घालून सायकल फेरीला जाता आणि मास्तर गच्चीवर कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लावतात, हे मी लहानपणापासून बघते आहे. संध्याकाळी दोघं एकाच कट्ट्यावर चहा पीत बसायचात. रेडिओवर कुमार गंधर्व लागले की मास्तर म्हणायचे, आमच्या सुळेभावीचा पोरगा, आणि तुम्ही म्हणायचात, पण ऐकला आम्ही. यंदा गल्लीच्या ग्रुपवर तुम्ही ती क्लिप टाकलीत, बाजारात पाच-सहाजण एका पोराला मारताहेत, खाली "मराठी बोलला म्हणून" असं लिहिलेलं. मास्तरांनी लगेच लिहिलं की मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत आहे, हे आपल्याकडचं नव्हे. मी तीनदा थांबवून बघितली. पाटी तेलुगूतच आहे. कन्नड आणि तेलुगू अक्षरं लांबून सारखी दिसतात, पण कन्नड वाचणाऱ्याला फरक कळतो. तुम्हाला नाही कळला, त्यात तुमची चूक नाही. पण तुम्ही उत्तर काय दिलंत? "तुम्ही तुमच्याच लोकांचं झाकणार."

बाबा, "तुमचे लोक" हा शब्द तुम्ही मास्तरांना याआधी कधी वापरला नव्हता. 2019 च्या ऑगस्टमध्ये मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं, तेव्हा मास्तरांची दोन्ही पोरं गुडघाभर पाण्यात उतरली होती. बीम त्यांनी उचलून वर घेतला, रेशमाची पोती आपल्या माडीवर नेली. तुम्ही दारात नुसते उभे होतात, तुमच्यानं हलवत नव्हतं. त्या दिवशी ते कुणाचे लोक होते?

क्लिप तुम्ही टाकलीत, तर ती खोटी असल्याचंही तुम्हीच लिहा, त्याच ग्रुपवर. नुसती पुसून टाकू नका, कारण तिथून ती पुढं किती ग्रुपांवर गेली असेल देव जाणे. गल्लीतली विशीतली पोरं तुमचा शब्द मानतात. त्यांना खरं-खोटं तपासायला तुम्ही नाही सांगितलं तर कुठलाही पक्षवाला त्यांना सांगणार नाही, त्याला दोन्हीकडची मतं तापलेलीच हवी असतात. हे मी रागानं लिहीत नाही. तुमच्यासारखा सरळ माणूस कुणाच्या तरी खोट्याचा हमाल झाला, याचं मला वाईट वाटतं.

आणि नाल्याचा अर्ज. मागल्या महिन्यात तुम्ही आणि मास्तरांनी मिळून 43 सह्या गोळा केल्या होत्या, मराठी-कन्नड दोन्ही. आई सांगते, तो अर्ज मास्तरांच्या टेबलावर तसाच पडून आहे, कारण घेऊन जायचं कुणी आणि कुणासोबत, हे ठरत नाही. पुढच्या पावसाच्या आत गाळ निघायला हवा. निकाल कधी लागायचा तो लागेल, पाणी त्याची वाट बघणार नाही. दोघं मिळूनच जा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

मी 23 तारखेला येते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिथं घेऊ नका. आई, दिवाळीला मास्तरांच्या घरच्या अक्कांनी फराळ दिला होता, ती पितळी वाटी अजून आपल्याच फडताळात असेल. रिकामी द्यायची नसते म्हणून ठेवली असशील, तर चार करंज्या कर. वाटी मात्र बाबांच्या हातीच पाठव.

तुमची,
मोठी