बंदी नाही म्हणून निर्धोक नव्हे

महोदय,

सिगारेट एवढी घातक असेल तर सरकारे तिच्यावर सरळ बंदी का घालत नाहीत, असा प्रश्न धूम्रपान करणारेच अनेकदा, काहीशा विजयी मुद्रेने, विचारतात. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे महत्त्वाचे संशोधन १९५० मध्येच प्रसिद्ध झाले. मात्र तोवर सिगारेट कोट्यवधींच्या अंगवळणी पडली होती आणि शेती, कारखाने व करमहसूल यांचा एवढा पसारा तिच्याभोवती उभा राहिला होता की, आज नव्याने आली असती तर जिला क्वचितच कोणी परवानगी दिली असती, ती वस्तू कायदेशीरच राहिली. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. चर्चा मात्र बहुधा कर्करोगाचीच होते. संपूर्ण बंदीही सोपी नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्री बंद केली, पण चोरटी आयात थांबली नाही आणि अखेर ती बंदी उठवावी लागली. तेव्हा तंबाखूवरील कराचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी ठरू नये.

– एक वाचक